सूर्य न पाहिलेली सप्तमी

इंदूताई गुरवांनी खणाच्या तुकड्यात गुंडाळलेली कॅसेट माझ्या टेबलावर ठेवली, पण दोन बोटं तिच्यावर तशीच दाबून धरली. मी ओढून घेईन अशी त्यांना धास्ती असावी.

"बुवांची शेवटची," त्या म्हणाल्या. "आरगेला मारुतीपुढं झालेलं कीर्तन."

"बुवांची शेवटची कॅसेट आमच्याकडे आहे, ताई. सांगलीची."

"ती शेवटून दुसरी."

मला हसू आलं नाही. धामणकर बुवांच्या दोनशे सदतीस कॅसेटी मी स्वतः संगणकात उतरवल्या होत्या. कुठे बुवांना ठसका लागला, कुठे पेटीवाला चुकला, कुठल्या आख्यानात श्रोत्यांतलं पोर रडलं, मला सगळं पाठ. बारा वर्षांनी मालगावची एक बाई येते आणि मला माहीत नाही असं एक कीर्तन आहे म्हणून सांगते, हे मनाला पटेना.

"इतकी वर्षं कुठे होती ही?"

"ट्रंकेत."

"मग आत्ताच का काढली?"

त्यांनी गळ्याला हात लावला. "इथं गाठ आहे. संक्रांतीनंतर कापायची म्हणतात. मग आवाज राहिला तर राहिला. त्याच्याआधी एकदा बुवांच्या पुण्यतिथीला तुमच्या मंडपात उभं राहायचं आहे. गादीवर."

आता माझ्या संशयाला पाय फुटले. मिरजेतल्या आमच्या कीर्तनसंस्थेचा नियम होता की बुवांच्या पुण्यतिथीला नारदाच्या गादीवर त्यांनी माळ घालून नेमलेला शिष्यच उभा राहील. बुवा कुणालाच न नेमता गेले, अशी आमची समजूत. म्हणून बारा वर्षं त्या दिवशी गादीवर टेपरेकॉर्डर ठेवून, त्यालाच हार घालून, बुवांचं जुनं कीर्तन लावायचो. बाहेरचे लोक हसायचे. मला मात्र त्या रिकाम्या गादीचा अभिमान होता. बुवांसारखे बुवाच, दुसरं कोणी नाही, असं ती गादी सांगते असं मला वाटायचं.

"ऐकून सांगतो," मी म्हणालो.

बोटं उचलली गेली.

दार लावून मी एकटाच ऐकत बसलो. आवाज बुवांचाच, त्यात तिळमात्र शंका नाही. पूर्वरंग संपला. कीर्तनात इथे मध्यंतर होतं, बुवांना माळ घालतात, बुक्का लावतात, नामाचा गजर चालतो आणि मग आख्यानाला सुरुवात होते. गजर सुरू झाला. टक्. गजर तुटला, पुन्हा सुरू झाला आणि त्यावरून बुवांचा आवाज आला: "ही माळ मी घालून घेणार नाही. तेवीस वर्षं जी माझ्या मागे उभी राहून पदांना झील धरते आहे, तिची ही माळ. इंदू, पुढे ये. लाजतेस काय? उद्यापासून गादी तुझी."

अंगावर सर्रकन काटा आला. आणि त्याच क्षणी मनात आलं, ते टक् नेमकं तिथेच का? दोनशे सदतीस कॅसेटींतले शब्द कापून जोडायला मला एक दुपार पुरली असती. मला पुरली असती, तर दुसऱ्या कुणालाही.

मी कॅसेटीवरचा कागद वाचला. गोल, शाळकरी अक्षरात लिहिलं होतं, 'मार्गशीर्ष वद्य सप्तमी', खाली शकाचा आकडा. ही तिथी आपण यंत्रालाच विचारू, असं मी ठरवलं.

यंत्र म्हणजे काय ते सांगतो. एरवी मी एका कंपनीत प्रोग्रॅम लिहायचो, पण संस्थेच्या संग्रहाचं काम देवाची सेवा म्हणून केलेलं. संगणकातल्या साध्या यादीला आकड्यानेच हाक मारता येते, शून्य, एक, दोन अशी. कीर्तनाला कोण आकड्याने ओळखतं? कुणी म्हणतं, 'ती दत्तजयंतीची कॅसेट लावा', कुणी म्हणतं, 'सुदाम्याचं आख्यान'. म्हणून मी एक असा ऑब्जेक्ट, म्हणजे प्रोग्रॅममधली पेटीच, बनवला होता, की ज्याला आधीपासून ठरलेले कप्पे नव्हते. चौकटी कंसात तिथी घाला, गाव घाला, आख्यान घाला. कंसात काय आलं ते ओळखून कुठे शोधायचं हे मी आत लिहून ठेवलं होतं. हाक कशीही येवो, ओ द्यायची कशी ते माझ्या हातात. या कामाचा मला फार गर्व होता. त्याचं नाव मी 'भांडार' ठेवलं होतं.

मी टाइप केलं, भांडार, चौकटी कंस, मार्गशीर्ष वद्य सप्तमी आणि ते वर्ष.

उत्तर आलं, 'अशी तिथी झालेली नाही.'

पंचांग काढून पाहिलं. मार्गशीर्ष वद्य षष्ठी बुधवारी, अष्टमी गुरुवारी. मधली सप्तमी क्षय. त्या वर्षी सप्तमी कुठल्याच दिवसाच्या वाट्याला आली नव्हती.

म्हणजे जो दिवस उगवलाच नाही, त्या दिवशी बुवांनी कीर्तन केलं!

---

बैठकीला सहा जण होतो. कार्यवाह दाजी परचुरे मधोमध, दोन सभासद भिंतीला टेकलेले, मी पडद्याजवळ आणि समोर चटईवर इंदूताई. यंत्र चालवायला मुक्ता कोष्टी बसली होती. माझ्याच कंपनीतली, वर्षभरापूर्वी लागलेली, हुशार मुलगी. रविवारी सेवेला येते म्हणाली म्हणून मी तिला घेतलं होतं.

"मध्यंतरात 'टक्' असा आवाज येतो," मी सुरुवात केली. "गजर तुटतो. त्यानंतरच माळेचं बोलणं येतं."

"कॅसेट उलटायला नको?" इंदूताई म्हणाल्या. "आमच्या ह्यांनी तबल्यावरचा हात काढून उलटली. ह्यांच्या हाताला शाई असायची, ती बाजूला लागली पण आहे बघा."

एक सभासद खुदकन हसला. दाजींनी त्याच्याकडे पाहिलं. तो गप्प झाला.

"बरं, कागदावरची तिथी कोणी लिहिली?"

"मी. बुवांनी सांगितली, मी लिहिली."

"मुक्ता, विचार."

पडद्यावर मोठ्या अक्षरात आलं, 'अशी तिथी झालेली नाही.'

इंदूताईंना वाचायला वेळ लागला, की वाचून उमजायला, कोण जाणे.

"त्या वर्षी सप्तमी क्षय होती, ताई," मी म्हणालो. आवाज चांगला मऊ ठेवला होता मी. आज त्याचीच जास्त लाज वाटते. "कुणीतरी तिथी ठोकून दिली, पण पंचांग पाहायचं राहिलं."

"उपासनी," दाजी म्हणाले, "तुमचं यंत्र बरं. माणसासारखं भिडेला पडत नाही." मग इंदूताईंकडे वळून, "बाई, झील धरणं ही मोठी सेवा आहे. तेवढ्यात समाधान मानावं. गादीचा हव्यास कशाला?"

इंदूताई उठल्या. पदर नीट केला. मला वाटलं रडतील, नाहीतर शिव्या तरी देतील. खोटं पकडलेला माणूस यांतलं एक करतोच.

"कॅसेट राहू दे इथंच," त्या म्हणाल्या. "तुमच्या पेटीत बसत नसेल तर कपाटात ठेवा. ट्रंकेत ओल येते."

जाताना त्यांनी गादीला हात लावून नमस्कार केला. टेपरेकॉर्डर बाजूला सरकवून.

मुक्ता खाली मान घालून वायर गुंडाळत होती. मी म्हटलं, "पाहिलंस? ऑब्जेक्ट नीट लिहिला की माणसांचे तंटे मिटतात."

"सर," ती म्हणाली, "'सापडलं नाही' आणि 'झालंच नाही' ही दोन उत्तरं एकच कशी?"

"ज्याला तारीख नाही ते कुठे शोधणार?"

तिने गुंडाळलेली वायर कपाटात ठेवली. अर्ध्या तासाने मी खिडकीतून पाहिलं, तर ती एसटी स्टँडच्या रस्त्याला इंदूताईंची पिशवी धरून चालली होती. मुक्ता आरगेची. कीर्तन झालं म्हणतात तेही आरगेला. मी ते मनात टिपून ठेवलं.

---

आठ दिवसांनी सोमवारी सकाळी, कामाला लागण्याआधी सवयीने भांडार उघडलं आणि जिभेने दुखरा दात चाचपावा तशी तीच तिथी विचारली.

भांडाराने ओ दिली!

'आरग, मारुती मंदिर. बुधवार. कॅसेट क्रमांक दोनशे अडतीस.'

कॅसेट संगणकात उतरवून तिच्यावर मीच 'शंकास्पद' असा शिक्का मारला होता. तिथीने ती सापडायलाच नको होती. कोडमध्ये कोण काय बदलतं याची नोंद राहते. कंसात आलेल्या हाकेला उत्तर देणारा माझा तो भाग, जो मी कुणाला हात लावू दिला नव्हता, आदल्या दिवशी, रविवारी, बदलला गेला होता. नाव मुक्ता कोष्टीचं.

मग एकेक धागा जुळत गेला. आरग. पिशवी. चौकशी करता शिपायाने आणखी सांगितलं, "त्या मॅडम रविवारी दोन तास बसल्या होत्या. फोनवर कुण्या म्हातारीशी बोलत होत्या, सारखं तिथी तिथी." मी त्या पोरीला लेकीसारखं शिकवलं होतं. तिने आतून कडी काढून दिली.

दुपारी मी तिला मंडपात बोलावलं. बसही म्हटलं नाही.

"भांडार तू बदललंस?"

"हो सर."

इतक्या सरळ 'हो'ची माझी तयारी नव्हती. "कुणासाठी?"

"माझ्यासाठी."

"मुक्ता, खोटं बोलू नकोस. फोनवर इंदूताई होत्या ना?"

"आजी होती माझी." तिचे कान लाल झाले. "सर, त्या बैठकीत ते उत्तर पडद्यावर आलं ना, ते डोक्यातून जाईना. घरी जाऊन मी आजीला माझी जन्मतिथी विचारली. आमच्याकडं वाढदिवस तिथीनं करतात. मग भांडाराचंच पंचांग घेऊन माझं वर्ष आणि तिथी कंसात घातली."

"मग?"

"'अशी तिथी झालेली नाही.' मी क्षयतिथीची आहे, सर. तुमच्या हिशोबानं मी जन्मलेच नाही."

ती हसत होती, पण डोळे हसत नव्हते.

"मग मी आजीला फोन करून म्हटलं, तू चुकलीस. तर ती म्हणाली, 'अगं, सकाळी आठला सुईण आली तेव्हा लागली होती ती तिथी, आणि तू झालीस दुपारी दोनला. पंचांगातच लिहिलंय की, बघ कधी लागली न् कधी संपली.' तुम्ही भांडाराला फक्त सूर्योदयाची तिथी शिकवली होती. मी एवढंच लिहिलं, की सूर्योदयात नसेल तर ती तिथी कुठल्या दिवशी, किती वाजता चालू होती ते बघ. माझा जन्म सापडला. मला काय ठाऊक त्यांची कॅसेटपण सापडेल!"

क्षयतिथी म्हणजे काय हे मला लहानपणापासून माहीत होतं. चांगलं माहीत होतं. देवघरात रोज पंचांग वाचणारा माणूस मी. पण कोड लिहिताना एका दिवसाला एक तिथी असा सोपा तक्ता केला आणि जे तक्त्यात नाही ते जगात नाही, असं यंत्राला शिकवून मोकळा झालो. आणि मग त्याच यंत्राला साक्षीला उभं केलं.

पंचांग पुन्हा उघडलं. सूर्योदय सहा वाजून अठ्ठावन्न मिनिटांनी, षष्ठीत. सप्तमी लागली सात वीसला. संपली दुसऱ्या दिवशी पहाटे साडेसहाला, सूर्य उगवायच्या आत. मधला अख्खा दिवस सप्तमीच होती. बुवांचं कीर्तन नेहमी दुपारी चार वाजताचं.

---

दाजींच्या ओसरीवर गेलो तेव्हा ते सुपारी कातरत होते. मी सगळं सांगितलं. अडकित्ता थांबला.

"वा! परवा यंत्र नाही म्हणालं, आज हो म्हणतं. उद्या मला दाजी नाही म्हणेल. मग भरवसा ठेवायचा कशावर, उपासनी?"

"यंत्र नाही म्हणालं नव्हतं, दाजी. मी म्हणालो होतो. त्याच्या तोंडून."

"आणि ती मुलगी आरगेची. त्या बाईला सामील नसेल कशावरून?"

हाच प्रश्न सकाळी माझा होता. दुसऱ्याच्या तोंडून तो फार हलका वाटला. मी पंचांग त्यांच्यापुढे ठेवलं. त्यांनी चष्मा लावला, बोटाने ओळ धरली, घटका मोजल्या, बोट मागे नेऊन पुन्हा मोजल्या. दाजींसारखा संशयी माणूस मिरजेत दुसरा नव्हता. दूधवाल्याच्या दुधात बोट बुडवून ते देवापुढे ठेवायचे. म्हणूनच पुढचं त्यांना सुचलं, मला सुचलं नव्हतं.

"उपासनी."

"हां."

"खोटी तिथी लिहिणारा ही कशाला लिहील?" ते सावकाश म्हणाले. "तो कॅलेंडर बघेल. षष्ठी लिहील, नाहीतर अष्टमी. जी भिंतीवर छापलेलीच नाही ती सप्तमी लिहायला माणूस त्या दिवशी तिथे उभा असावा लागतो. आणि कीर्तनाला उभं राहताना कुठली तिथी चालू आहे, हे पाहणारा बुवाच शेजारी असावा लागतो."

सुपारीचं खांड तसंच तबकात राहिलं. मग ते म्हणाले, "मी तिला हव्यास म्हणालो."

"मी ठोकून दिली म्हणालो."

"तुम्ही आधी जा. माझ्यापेक्षा तुमचं जास्त आहे."

---

मालगावात इंदूताई अंगणात तुळशीच्या काड्या सोलत बसल्या होत्या, माळा करायला. मला पाहून त्यांनी पाट पुढे सारला. पाणी दिलं. मी उभ्यानेच सगळं सांगून टाकलं. सूर्योदय, तक्ता, सात वीस. त्या काड्या सोलतच होत्या.

"एवढंच ना?" शेवटी त्या म्हणाल्या. "मला वाटलं, कॅसेटीला बुरशी आली म्हणून सांगायला आलात."

"ताई, तुम्हाला त्या दिवशी हे माहीत होतं? क्षयतिथीचं?"

"ते कुणाला माहीत नसतं?"

"मग बोलला का नाहीत?"

त्यांनी काडी खाली ठेवली. "दादा, तुम्ही पंचांग मांडीवर घेऊन बसला होता. ज्याच्याकडं पंचांग नाही त्याला सांगता येतं." काडी पुन्हा उचलून म्हणाल्या, "क्षय म्हणजे न झालेली नव्हे. तिला सूर्य बघायला मिळत नाही, एवढंच. षष्ठीनं बघितला, अष्टमीनं बघितला. ही मधली दिवसभर राबते आणि उजाडायच्या आत निघून जाते. भिंतीवर तिचं नाव नाही. तेवीस वर्षं मागं उभी राहिले मी. मला विचारा."

मी त्यांच्या पायांवर डोकं ठेवायला वाकलो तर त्यांनी हाताने अडवलं. "आधी तारीख सांगा. माझ्याकडं दिवस थोडे आहेत आणि पदं घोटायची आहेत."

---

पुण्यतिथीला गादीवरून टेपरेकॉर्डर उचलला, तो मीच. इंदूताई उभ्या राहिल्या. आवाज फाटका होता, वरच्या सुरावर जाताना अडखळत होता आणि तरीही एखाद्या ओळीच्या शेवटी असा काही वळायचा, की मागून ऐकणाऱ्याला वाटावं बुवाच आले. मध्यंतरात दाजींनी माळ घातली. बुक्का लावायचं ताट माझ्या हातात. मी बुक्क्यात बोट बुडवलं आणि तसाच उभा राहिलो.

"लावा की," त्या गजरातच पुटपुटल्या. "का आधी यंत्राला विचारायचंय?"

पहिल्या रांगेतले लोक हसले. मीही हसलो आणि डोळ्यांतून पाणी आलं ते बुक्क्याने आलं असं सगळ्यांना सांगितलं.

या गोष्टीला आता सोळा वर्षं झाली. ऑपरेशननंतर इंदूताईंचा आवाज परत आला नाही. त्या मालगावातच आहेत. पाटीवर खडूने लिहून नातवंडांशी भांडतात, माळा करतात. त्यांचं कीर्तन झालं ते एकच.

त्या दिवशी मंडप रिकामा झाल्यावर मुक्ता रेकॉर्डिंग भांडारात घालायला बसली. मी सतरंज्या गोळा करत होतो. दाजी दारातून ओरडले, "पौष शुद्ध दशमी लिहा, बुवांची पुण्यतिथी. सकाळी दशमीच होती."

मुक्ताने चौकटी कंस उघडला आणि बोटं तशीच थांबवून माझ्याकडे पाहिलं. "सर, कुठली लिहू?"

"ताई गादीवर उभ्या राहिल्या तेव्हा किती वाजले होते?"

"चार वाजून दहा."

"मग पंचांग काढ," मी म्हणालो.

ते तिच्या मांडीवर आधीच उघडं होतं.